४७ स्क्रू

विमान पडल्याची बातमी आली की आपण चटकन म्हणतो, वैमानिक चुकला असेल, नाहीतर हवा खराब असेल. पुष्कळदा ते खरेही असते. पण काही अपघातांचे मूळ आकाशात नसून जमिनीवर, दुरुस्तीच्या शेडमध्ये असते. या शेडला हँगर म्हणतात. अशाच एका अपघाताची हकिगत येथे देत आहे.

दिनांक ११ सप्टेंबर १९९१. अमेरिकेतील टेक्सास राज्यात कॉन्टिनेन्टल एक्स्प्रेस कंपनीचे एक छोटे, दोन इंजिनांचे एम्ब्रेअर ब्रासिलिया विमान सकाळी लारेडोहून ह्यूस्टनकडे येत होते. आत ११ प्रवासी आणि ३ कर्मचारी. ह्यूस्टन जवळ आल्याने विमान खाली उतरू लागले होते. ईगल लेक या गावाजवळ एकाएकी शेपटीच्या डाव्या आडव्या पंखाची पुढची कड उखडली, विमानाने नाक खाली घातले आणि ते हवेतच तुटले. चौदाही जण मरण पावले.

अवशेष तपासताना आढळले की त्या कडेच्या वरच्या बाजूचे ४७ स्क्रू मुळी लावलेलेच नव्हते.

ते काढले होते आदल्या रात्री. थंड हवेत पंखाच्या पुढच्या कडेवर बर्फ जमतो. तो उडवण्यासाठी तेथे रबरी पट्टी बसवलेली असते. तिच्यात हवा भरली की ती फुगते आणि बर्फ तडकून गळून पडतो. शेपटीच्या उजव्या व डाव्या दोन्ही बाजूंच्या या पट्ट्या बदलायच्या होत्या आणि त्यासाठी कड काढावी लागते. काम उजवीकडून सुरू झाले. हाताखाली माणसे कमी म्हणून दुसऱ्या पाळीचा तपासनीस स्वतः वर चढला. त्याने उजवीकडचे वरचे स्क्रू काढले, आणि पुढचे काम सोपे व्हावे म्हणून डावीकडचेही वरचे स्क्रू काढून ठेवले. हेतू मदतीचाच होता. पण ज्याने दुसऱ्याचे काम तपासायचे तोच पान्हा हातात घेऊन बसला, की मग त्याचे काम कोण तपासणार?

एवढ्यात पाळी बदलली. तिसऱ्या पाळीचा तपासनीस लवकर आला आणि त्याने नोंदवही पाहिली, पण तोवर आधीच्या तपासनीसाने आपली नोंद केलेली नव्हती. एका कारागिराने तोंडी सांगितले खरे, पण ज्याला सांगितले त्याला दुसऱ्याच विमानावर पाठवण्यात आले. जॉब कार्डावर डाव्या बाजूचे काम सुरू झाल्याची खूण नव्हती. रात्री वेळ अपुरा पडू लागला तेव्हा डावी पट्टी पुढे कधीतरी बदलू असे ठरले. उजवी बाजू नीट बसवली, आणि डावीला कोणी हात लावलेलाच नाही अशा समजुतीने विमान सकाळच्या फेरीला सोडले.

वैमानिकांना हे का दिसले नाही? या विमानाचा आडवा पंख उभ्या शेपटीच्या अगदी टोकावर, जमिनीपासून सुमारे २० फूट उंच असतो. वरच्या अंगाची भोके खालून दिसणे शक्यच नव्हते. जाताना विमान लारेडोला सुखरूप पोहोचले, कारण खालचे स्क्रू जागेवर होते. परत येताना, वेगाने उतरताना मात्र हवेचा जोर सहन झाला नाही.

चौकशी मंडळाने देखभाल व तपासणीचे नियम न पाळल्याचा ठपका ठेवला. मंडळाचे एक सदस्य जॉन लॉबर यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. ज्या कंपनीत असे नियम रोज सहज मोडले जातात, तेथे वरिष्ठ व्यवस्थापनही कारणीभूत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटते. एकट्या कारागिराला दोष देऊन फाइल बंद करणे फार सोपे असते.

पुढे ८ जानेवारी २००३ रोजी, अमेरिकेतच शार्लट येथे, एअर मिडवेस्टचे छोटे बीचक्राफ्ट विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास कोसळले आणि २१ जण गेले. नाक वर-खाली करणाऱ्या फळीची तार दोन रात्री आधी ताणताना पुस्तकातील काही पायऱ्या गाळल्या होत्या. त्यामुळे नाक खाली आणण्याची ताकद निम्म्यावर आली. त्यानंतरच्या नऊ फेऱ्या बिनबोभाट पार पडल्या. दहाव्या फेरीला विमान भरलेले होते, वजन शेपटीकडे जास्त झाले, नाक वर गेले ते खाली येईना. येथेही तो कारागीर हे काम पहिल्यांदाच करत होता, आणि शिकवणारा व तपासणारा एकच माणूस होता! २००५ मध्ये कंपनीने मृतांच्या नातेवाइकांसमोर आपली चूक जाहीरपणे कबूल केली.

सुकाणूच्या तारांसारख्या नाजूक कामाला दुसऱ्या, स्वतंत्र व्यक्तीची तपासणी लागते, हा नियम आपल्या देशातही आहे. विमान दुरुस्तीनंतर उडण्यास योग्य असल्याची सही परवानाधारक देखभाल अभियंता करतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेतलेल्या मुलामुलींना या अभ्यासक्रमाकडे जाता येते. आपल्या पालकांपैकी फार थोड्यांना त्याची माहिती असते, म्हणून येथे नोंदवून ठेवले.