बेटावरचा अबोला आणि गावकीचा बहिष्कार

संबंध तुटण्याच्या पायऱ्यांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत. मुलांची कट्टी होते, मोठी माणसे अबोला धरतात, भावकीत जाणे-येणे बंद होते, आणि सगळे गाव एक झाले म्हणजे एखाद्या घराला वाळीत टाकले जाते. शहरात या पायऱ्यांमध्ये बरेच अंतर असते, कारण तिथे एका मित्राने तोंड फिरवले तर दुसरा गाठता येतो, एका दुकानदाराशी बिनसले तर पुढच्या गल्लीत दुकान असते. ज्या वस्तीत दुकान एक, विहीर एक, देऊळ एक आणि बाहेर जाणारी वाटही एकच, तिथे मात्र पहिली पायरी आणि शेवटची पायरी एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात. मार्टिन मॅकडोना या लेखक-दिग्दर्शकाचा २०२२ साली प्रदर्शित झालेला ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ हा चित्रपट याच अंतराचा आहे. त्याची कथा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका काल्पनिक बेटावर घडते, तरी रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याकडच्या वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

कथेचा काळ १९२३ सालचा आहे. पॉरिक हा थोडी गुरे राखणारा साधा, गप्पिष्ट माणूस रोजच्याप्रमाणे दुपारी दोन वाजता कोलम या मित्राला दारूच्या गुत्त्यावर नेण्यासाठी बोलवायला जातो, आणि कोलम दार उघडत नाही. भांडण झालेले नसते, उसने-पासने राहिलेले नसते, कुणी कुणाला फसवलेलेही नसते. वयाने मोठा आणि फिडल वाजवणारा कोलम इतकेच सांगतो की त्याला पॉरिक आता आवडत नाही, उरलेले आयुष्य त्याला निरर्थक गप्पांत घालवायचे नसून मागे राहील असे काही संगीत रचायचे आहे. पॉरिकला हे उमगत नाही आणि तो पुन्हा पुन्हा बोलायला जातो. तेव्हा कोलम जाहीर करतो की यापुढे पॉरिक प्रत्येक वेळी बोलला की तो मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्रीने स्वतःचे एक बोट तोडील. ज्या बोटांनी संगीत रचायचे तीच बोटे तोडण्याची ही धमकी तो खरी करतो आणि तोडलेले बोट पॉरिकच्या दारावर फेकतो.

अशा कथेला नाट्यशास्त्राच्या परिभाषेत शोक-सुखात्मिका म्हणतात. शोकात्मिकेत माणसाचा नाश होतो आणि सुखात्मिकेत गुंते सुटून गोड शेवट होतो. शोक-सुखात्मिकेत मात्र ज्या गोष्टीवर प्रेक्षक हसत असतो त्याच गोष्टीतून नाश उगवतो. दोन पोक्त माणसांची शाळकरी कट्टी हा पहिल्या अर्ध्या तासात निखळ विनोद असतो, आणि पुढे पॉरिकची लाडकी बुटकी गाढवी, जेनी, तुटलेले बोट घशात अडकून मरते तेव्हा त्याच विनोदाचे सुतक होते. दोन्ही रस एकाच प्रसंगात कसे नांदतात हे पाहायचे तर बेटावरच्या पोलिसाने पॉरिकला रस्त्यात मारून पाडल्यानंतरचे दृश्य पाहावे. न बोलण्याची शपथ घेतलेला कोलम पुढे येतो, त्याला उचलून गाडीवर बसवतो, स्वतः लगाम धरतो, पॉरिक हुंदके देऊन रडू लागतो तेव्हा त्याला जवळ घेतो, आणि वाट फुटते तिथे एक शब्दही न बोलता उतरून निघून जातो. मैत्री संपली असली तरी माया संपलेली नाही, हे या दृश्यात कुणालाही तोंडाने सांगावे लागत नाही.

बॅन्शी ही आयरिश लोकसमजुतीतला स्त्रीरूप आत्मा असून तिचा आक्रोश ऐकू आला की त्या घरात मृत्यू होतो, असे मानले जाते. टिटवीच्या ओरडण्याला कोकणात जो अर्थ दिला जातो त्याच जातीची ही समजूत आहे. समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवर या काळात आयर्लंडचे यादवी युद्ध चालू असते आणि त्याच्या तोफांचे आवाज बेटावर ऐकू येतात. ब्रिटिशांशी झालेला १९२१ चा तह स्वीकारायचा की नाकारायचा यावरून जून १९२२ ते मे १९२३ या काळात कालचे सहकारी एकमेकांवर गोळ्या झाडत होते. मायकेल कॉलिन्स आणि हॅरी बोलंड हे स्वातंत्र्यलढ्यातले जिवलग मित्र या युद्धात विरुद्ध बाजूंना उभे राहिले आणि ऑगस्ट १९२२ या एकाच महिन्यात दोघेही मारले गेले. दोन मित्रांच्या निष्कारण वैरामागे मॅकडोना यांनी हे सकारण वैर पार्श्वभूमीसारखे ठेवले आहे, आणि त्यातले अधिक वेडगळ कोणते हे ठरवण्याचे काम प्रेक्षकावर सोडले आहे.

चित्रपटाचे चित्रीकरण इनिशमोर आणि अकिल या दोन खऱ्या बेटांवर झाले. त्यांपैकी अकिल बेटाला अबोल्याच्या इतिहासात वेगळे महत्त्व आहे, कारण चार्ल्स बॉयकॉट हा इंग्रज गृहस्थ काही वर्षे तिथे जमीन कसत होता. पुढे तो अकिल ज्यात येते त्याच मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी झाला. पिके बुडाल्यामुळे कुळांनी खंडात सूट मागितली, ती पुरेशी न देता काहींना जमिनीवरून हुसकावण्याचा प्रयत्न झाला, आणि १८८० मध्ये गावकऱ्यांनी हाती शस्त्र न घेता बॉयकॉटशी सगळे व्यवहार थांबवले: गड्यांनी काम सोडले, दुकानदारांनी माल दिला नाही, कुणी त्याच्याशी बोलेना. उभे पीक काढण्यासाठी उत्तरेकडून पन्नासेक माणसे आणावी लागली, त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजार शिपाई-पोलीस ठेवावे लागले, आणि पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला. त्या वर्षाअखेर बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला आणि त्याचे आडनाव बहिष्कार या अर्थाने जगभरच्या भाषांत शिरले.

आयर्लंडच्या किनाऱ्यावरून रायगडच्या किनाऱ्याकडे वळले की भूगोल बदलतो, माणसाची कोंडी तीच राहते. पेण तालुक्याच्या पश्चिमेकडचा भाग खारेपाट म्हणून ओळखला जातो. खाडीचे पाणी मातीच्या बांधांनी अडवून तिथली भातशेती उभी राहिली आहे. आतले पावसाचे पाणी बाहेर सोडायला बांधात दार ठेवलेले असते, त्याला उघाडी म्हणतात, आणि उधाणाच्या भरतीने बांध फुटला तर खांड गेली असे म्हणतात. खांड कुणाच्याही शेताजवळ गेली तरी खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे पीक धरत नाही, म्हणून बांध राखणे हे एकट्यादुकट्याचे काम कधीच नव्हते. रोह्याकडे कुंडलिकेच्या खोऱ्यातही लावणी, झोडणी, घर शाकारणे ही कामे शेजाऱ्याच्या हातभारावर होत आली. जिथे पोट शेजाऱ्यावर अवलंबून असते तिथे शेजाऱ्याशी असलेले नाते खासगी राहत नाही. ते गावाच्या मालकीचे होते.

ही मालकी सांभाळणारी संस्था म्हणजे गावकी. ग्रामपंचायत कायद्याने निवडून येते, तिचे दप्तर असते, तिच्यावर सरकारची देखरेख असते. गावकी मात्र रूढीने चालते. गावातल्या घरांचे कर्ते पुरुष देवळाच्या मंडपात बसतात, पंच बोलतात, शिमग्याच्या आणि जत्रेच्या वर्गण्या ठरतात, बांधाबांधाचे तंटे मिटतात, आणि मुंबईत नोकरीला असलेले चाकरमानीही सणाला आले की या बैठकीत हजर राहतात. अडल्यानडल्याला धावून जाणारी, लग्न आणि मयत दोन्ही निभावून नेणारी ही व्यवस्था आहे, आणि तिचे बळ ज्या एकीत आहे त्याच एकीत तिची दहशतही आहे.

त्या एकीचे उजळ रूप याच जिल्ह्याने पाहिले आहे. अलिबागजवळच्या चरी या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांच्या परिषदेत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संपाचा निर्णय झाला. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा आणि प्रत्यक्षात जमिनीचा धनी होऊन बसलेला मध्यस्थ. त्याची जमीन कसायचीच नाही, असे कुळांनी ठरवले. शेते पडीक राहिली, कुळांनी मजुरीवर आणि लाकूडफाटा विकून दिवस काढले, आणि १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे, हा संप टिकला. मेयोतल्या कुळांनी जे हत्यार बॉयकॉटवर चालवले तेच इथे खोतशाहीवर चालले, आणि दोन्हीकडे पाठ फिरवणारे दुबळे होते, ज्याच्याकडे पाठ फिरवली तो बलवान होता.

तिचे काळे रूप हाच बाण उलटा फिरला म्हणजे दिसते. गावकीच्या मर्जीबाहेर लग्न केले, वर्गणी दिली नाही, निवडणुकीत दुसऱ्याला मत दिले, जमिनीच्या वादात पंचांचा निवाडा न मानता कोर्टात गेले, अशा कारणांवरून एखाद्या घराला वाळीत टाकले जाते. त्या घराशी बोलणाऱ्याला दंड बसतो, त्यामुळे ज्यांच्या मनात राग नाही तेही गप्प होतात. वाण्याकडे माल मिळत नाही, गिरणीत दळण परत येते, पालखी त्या घराच्या अंगणात न थांबता पुढे जाते, आणि घरात मृत्यू झाला तर खांदा द्यायला चार माणसे जमत नाहीत. पॉरिकशी बोलणे एका माणसाने थांबवले होते. इथे सारे गाव कोलम होते, फरक इतकाच की बोटे स्वतःची न तोडता दुसऱ्याची तोडली जातात. २०१३ नंतरच्या काही वर्षांत अशा तक्रारी रायगड जिल्ह्यातून मोठ्या संख्येने पुढे आल्या, मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचल्या, आणि त्यांत महाड तालुक्यातल्या एव्हरेस्ट सर केलेल्या एका गिर्यारोहकाच्या कुटुंबाचीही तक्रार होती.

कायद्याला इथवर पोहोचायला वेळ लागला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजबहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, पण दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला दिलेल्या आव्हानावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ वाळीत पडलेल्या कुटुंबाला इतर कलमांचाच आधार शोधावा लागे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींविरुद्ध चालवलेल्या मोहिमेनंतर आणि न्यायालयाच्या विचारणेनंतर महाराष्ट्र विधिमंडळाने १३ एप्रिल २०१६ रोजी सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारे विधेयक मंजूर केले, आणि राष्ट्रपतींच्या संमतीने तो कायदा ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटल्याचा निकाल, अशी त्यात तरतूद आहे.

मराठी चित्रपटाने गावच्या या एकीकडे शोक-सुखात्मिकेच्या नजरेने पाहिले ते ‘देऊळ’मध्ये. उमेश कुलकर्णी दिग्दर्शित आणि गिरीश कुलकर्णी लिखित हा २०११ चा चित्रपट मंगरूळ या काल्पनिक खेड्यात घडतो. गाय शोधायला माळावर गेलेल्या केशाला उंबराखाली दत्त दिसल्याचा भास होतो, गावाला देवळाची हाव सुटते, आणि गावचे पुढारी भाऊ व विद्वान अण्णा यांचा जुना स्नेह त्यात विरतो. दवाखान्याचा आराखडा घेऊन बसलेले अण्णा, म्हणजे दिलीप प्रभावळकर, आणि वाऱ्याची दिशा ओळखून देवळाच्या बाजूने वळलेले भाऊ, म्हणजे नाना पाटेकर, यांच्यात मोठे भांडण होत नाही. गावाचा रेटा दोघांच्या मधून वाहू लागतो आणि अखेर अण्णा गाव सोडतात. प्रेक्षक दुकाने, घोषणा आणि आरत्यांवर हसत असतानाच हे घडून गेलेले असते. इनिशेरिनमध्ये एक माणूस मैत्री तोडतो आणि बेट बघत राहते. मंगरूळात मैत्री कुणी तोडत नाही, गाव तिला जागा ठेवत नाही.

दोन्ही चित्रपटांत शहाणे माणूस वस्ती सोडून जाते ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. पॉरिकची बहीण शिवॉन ही बेटावरची पुस्तके वाचणारी बाई. ती मुख्य भूमीवर ग्रंथालयात नोकरी पत्करते आणि होडीत बसते. खारेपाटातून आणि कुंडलिकेच्या काठावरून मुंबईला गेलेल्या कित्येकांच्या मागे पोटाचे कारण होते, पण गावकीच्या नजरेतून सुटका हेही एक न बोललेले कारण काहींच्या बाबतीत होते. जो जाऊ शकतो तो जातो, आणि न बोलणाऱ्यांच्या गावात राहायचे असते ते उरलेल्यांना.

बहिष्कार आणि अबोला यांच्यातली रेषा इथे स्पष्ट होते. कायदा विहीर उघडू शकतो, दुकानदाराला माल द्यायला लावू शकतो, स्मशानाची वाट मोकळी करू शकतो. एका माणसाला दुसरा आवडत नाहीसा झाला तर त्यावर कोणत्याही देशात कलम नाही, आणि नसावेच. म्हणून कोलमचा अबोला कितीही क्रूर असला तरी तो त्याचा हक्क ठरतो, आणि गावकीचा अबोला कितीही शांत असला तरी तो गुन्हा ठरतो. भावाची बाजू घेऊन शिवॉन कोलमकडे गेली तेव्हा तिच्या हाती विनवणीखेरीज काही नव्हते. २०१७ पासून महाराष्ट्रात वाळीत टाकलेल्या माणसाच्या वतीने त्याच्या कुटुंबातली कोणतीही व्यक्ती पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकते.