मिनरल म्हणून मिळते ते पाणी

बोईसर स्थानकाबाहेरच्या टपरीवर गिऱ्हाईक ‘एक मिनरल द्या’ म्हणते, नाहीतर ‘एक बिसलेरी द्या’. हाती येणारी बाटली बहुधा मिनरल वॉटरची नसते. पुष्कळदा बिसलेरीचीही नसते. लेबलावरच्या बारीक अक्षरांत ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असे छापलेले असते. भारतीय मानकांनी ही दोन पाणी वेगळी धरली आहेत : नैसर्गिक मिनरल वॉटरसाठी आयएस १३४२८ आणि बाटलीबंद पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १४५४३.

नैसर्गिक मिनरल वॉटर जमिनीतूनच तसे येते. पावसाचे पाणी खडकांतून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असे क्षार आपल्यात विरघळवून घेते. ते उगमापाशीच भरायचे असते आणि त्यातल्या क्षारांत बदल करायचा नसतो. हिमाचलातल्या सिरमौर जिल्ह्यात भरले जाणारे ‘हिमालयन’ हे या प्रकारचे. बाटलीबंद पिण्याचे पाणी मात्र बोअरवेलचे असो, नदीचे असो की नळाचे, चालते. वाळूची व कोळशाची गाळणी, मग आरओचा पडदा, अतिनील किरण आणि शेवटी ओझोन असा त्याचा सर्वसाधारण प्रवास असतो. आरओमध्ये क्षारही निघून जातात, म्हणून काही कंपन्या ते मोजून पुन्हा घालतात. असे पाणी नीट केले तर पिण्यास चांगलेच. पण ते घडवलेले पाणी आहे.

दोन्हींची गल्लत जुनी आहे. मूळ इटालियन नावाच्या बिसलेरीचे पाणी १९६५च्या सुमारास ठाण्यातून विकले जाऊ लागले, १९६९मध्ये ते पार्लेच्या चौहानांकडे गेले आणि पुढे ते नावच बाटलीचे सामान्यनाम झाले.

खरे खनिजयुक्त झरे बोईसरच्याच पालघर जिल्ह्यात आहेत. कोकनेर, हालोली, सातिवली इथली गरम पाण्याची कुंडे कोकणपट्टीतल्या राजापूरपर्यंत पोचणाऱ्या उष्ण झऱ्यांच्या माळेतली. खोल भेगांतून वर येणाऱ्या या पाण्यात क्लोराइड भरपूर, त्यामुळे ते जिभेला खारट लागते. त्वचेच्या तक्रारींसाठी लोक त्यात अंघोळ करतात. खनिजे असली म्हणून पाणी पिण्याजोगे होत नाही, हे इथे एका घोटात कळते.

तारापूर औद्योगिक वसाहतीसारख्या भागात कार्यालये, वर्कशॉप आणि लग्नाचे मांडव वीस लिटरच्या जारवर चालतात, आणि खरी सावधगिरी तिथे हवी. कंपनीच्या बंद जारवर सील, भरल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो. नुसते झाकण दाबून टेम्पोतून उतरवलेल्या थंड पाण्याच्या जारवर यातले काहीही नसेल, तर पाणी कुठले, कधी भरले आणि जार आधी धुतला होता का, हे सांगायला त्यावर एक अक्षरही नसते.