खरूज : उपचार एकाचा नव्हे, सगळ्या घराचा

‘केसपेपर एका मुलाचा आणि औषध सहा जणांना, हे कसे?’ औषध विभागाचे हिशेब पाहताना विश्वस्त व देणगीदार आम्हांस हा प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की बाह्यरुग्ण विभागात रात्री अंग खाजण्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेभोवती बारीक पुरळ आणि खाजवून चिघळलेल्या जखमा, हीच खरूज. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा परजीवी किडा त्वचेत बीळ करून अंडी घालतो. कोपीत एकाच अंथरुणावर सारे कुटुंब झोपते, तेथे त्यास पसरावयास वेळ लागत नाही.

या आजाराची खरी अडचण निराळीच आहे. प्रथमच लागण झालेल्या व्यक्तीस खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर ती इतरांना आजार देत राहते. म्हणजेच ज्यास काहीच त्रास नाही, असा घरातील माणूसही रुग्ण असू शकतो. पूर्वी आम्ही केवळ खाजणाऱ्यासच औषध देत असू. तीच मुले काही आठवड्यांनी पुन्हा येत. औषध वाया जाई आणि पालकांचा विश्वासही. जखमांत जंतुसंसर्ग होऊन काही वेळा मूत्रपिंडास सूज येते, म्हणून हा आजार क्षुल्लक मानता येत नाही.

फिजी बेटांवरील अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे सर्व वस्तीस आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्यावर वर्षभरात खरजेचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांखाली आले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला.

आता आम्ही घरातील सर्वांस एकाच दिवशी औषध देतो. परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्री लावून सकाळी अंघोळ करावयाची व एक-दोन आठवड्यांनी पुन्हा लावावयाचे. पहाटेच फडात जाणाऱ्यांना हे जमत नाही. म्हणून मुकादमांशी बोलून सुट्टीची आदली रात्र ठरविली जाते. गर्भवती स्त्रिया व १५ किलोपेक्षा कमी वजनाची मुले यांस गोळ्या दिल्या जात नाहीत. पाण्याची टंचाई असल्यास कपडे व पांघरुणे प्लॅस्टिकच्या पिशवीत किमान तीन दिवस, शक्य तर आठवडाभर घट्ट बांधून ठेवावीत. अंगापासून दूर किडा फार काळ जगत नाही.

कुटुंबीयांस विनंती की, औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. घाबरून दुकानातून परस्पर मलमे आणू नयेत. खरूज ही लाज बाळगण्याची बाब नाही. ती लपविल्यानेच वाढते.

एका केसपेपरवरील सहा जणांचा खर्च हा असा आहे. तो टाळला तर तेच औषध पुन्हा पुन्हा द्यावे लागते आणि मूल मात्र बरे होत नाही.