देवकुंडाची वाट

आपला ‘धबधबा’ हा शब्द पाण्याच्या आवाजावरून बनला आहे. संस्कृतांतील ‘प्रपात’ या शब्दाचा अमरकोशांतील अर्थ मात्र ‘तुटलेला कडा’ असा आहे. पाण्यासाठीं तेथें ‘निर्झर’, ‘झर’ अशीं नांवें वेगळीं दिलीं आहेत. पाण्याची शोभा पाहणाऱ्यानें कड्याचें भान सोडूं नये, असा बोध यांतून कोणीं घेतल्यास तो वावगा ठरणार नाहीं.

रायगड जिल्ह्यांतील भिरा गांवाजवळचें देवकुंड हें एका दिवसांत जाऊन येण्याजोगें स्थळ आहे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून भिऱ्यास यावें. तेथून पायवाट प्रथम धरणाच्या जलाशयाच्या कांठानें व पुढें दाट झाडींतून जाते. वाटेंत ओढे ओलांडावे लागतात. दोन-अडीच तास चालल्यावर झाडी एकदम संपते आणि काळ्या कड्यांनीं वेढलेलें खोल, हिरवट कुंड दृष्टीस पडतें. हे कडे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या थरांचे आहेत. वरून कोसळणारें पाणी व त्याबरोबर येणारे दगड पायथ्याचा खडक झिजवीत राहतात. अशींच कुंडें तयार होतात.

येथें मुलांना आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी. घाटावरील मुळशी धरणाचें पाणी बोगद्यांतून व नळांतून भिऱ्याच्या वीजगृहांत उतरतें. हें वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें व येथील वीज मुंबईस गेली. वीज निर्माण केल्यावर सोडलेल्या पाण्यामुळेंच कुंडलिका नदी उन्हाळ्यांतही वाहती राहते. परंतु या धरणासाठीं मावळ्यांचीं गांवें व भातखाचरें पाण्याखालीं गेलीं. त्याविरुद्ध १९२१ सालीं मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच लढ्यांतून पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापती’ म्हणून महाराष्ट्रास परिचित झाले. शहरांतील दिव्याचें मोल कोणीं दिलें, हें जलाशयाच्या कांठीं उभें राहून जितकें समजतें, तितकें पाठ्यपुस्तकांतून समजत नाहीं.

आतां शेवटची, परंतु सर्वांत महत्त्वाची सूचना. येथें भर पावसाळ्यांत जाऊं नये. जिल्हा प्रशासन त्या दिवसांत वेळोवेळीं बंदीही घालतें. आपल्या डोक्यावर ऊन असतांनाही वर डोंगरांत पाऊस पडत असतो. ओढ्याचें पाणी अकस्मात् गढूळ झालें, त्यांतून पाचोळा व काटक्या वाहूं लागल्या, कीं लोंढा जवळ आला असें समजून उंच जागीं जावें. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबांतील पांच जण पाहतां पाहतां वाहून गेले. अशा वेळीं पोहतां येण्याचा उपयोग होत नाहीं.

आश्विन-कार्तिकांत पाऊस ओसरल्यावर जावें. तेव्हां धबधब्यास पाणी असतें, वाट सुकलेली असते व रानही हिरवें असतें. गांवांतील वाटाड्या बरोबर घ्यावा. त्यास रान ठाऊक असतें आणि चार पैसे गांवांत राहतात. कुंडांत उतरण्याचा मोह टाळावा, कांठीं बसून शिदोरी सोडावी, कागद-पिशव्या परत आणाव्या व दुपार कलण्यापूर्वीं निघावें. घरीं वाट पाहणाऱ्या माणसांकडे सर्वांनीं सुखरूप परतणें, हाच सहलीचा खरा आनंद होय.