बारव : वारसा की मोजपट्टी?

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीरच घ्या. ती १७१९ ते १७२४ दरम्यान बांधली. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, पावसाळ्यानंतर वर येतं, म्हणून पायऱ्या. मे आणि नोव्हेंबरमध्ये पाणी कितव्या पायरीवर आहे ते नोंदवा. त्या फरकातून भूजलाची चढउतार कळते.

पण एका विहिरीवरून अख्ख्या शहराचा निष्कर्ष काढू नका. आपल्या नागपुरात पश्चिमेला बेसॉल्ट आहे, पूर्वेला नीस. दोन्हींत पाणी वेगळ्या तऱ्हेने साठतं.

शहरातली बारव जपताना दगडकाम नीट केलं, पण भोवती काँक्रीट ओतलं, तर पाणी मुरणार कुठून? तुमचा शोधप्रश्न इथेच आहे: वास्तू वाचली, पण झरे वाचले का?