नवं ग्राफिक कार्ड जुना एसएमपीएस पेलेल का?

पनवेलहून हार्बर लोकल पकडून मुंबई गाठायची, लॅमिंग्टन रोडवर चार दुकानांत भाव काढायचे आणि ग्राफिक कार्डाचा खोका छातीशी धरून परतायचं, हा नवीन पनवेल, कामोठे, खारघरकडच्या गेमर पोरांचा जुना शिरस्ता. हल्ली बरीच खरेदी ऑनलाइन होते, एवढाच फरक. कार्डाची चौकशी महिनाभर चालते. ते ज्याच्या जिवावर चालणार, त्या एसएमपीएसची विचारपूस मात्र शेवटच्या दिवशी, तीही ऐकीव माहितीवर. त्या ऐकीव माहितीत खरं किती?

गैरसमज : एसएमपीएसवर 500 वॉट लिहिलंय, म्हणजे कार्डाला हवे तेवढे वॉट मिळणारच.

वस्तुस्थिती : मोठ्या अक्षरांतल्या आकड्यापेक्षा एसएमपीएसच्या कुशीवर चिकटवलेला बारीक अक्षरांतला तक्ता वाचावा. घरातल्या 230 व्होल्टच्या विजेपासून एसएमपीएस 12, 5 आणि 3.3 व्होल्टचा डीसी पुरवठा तयार करतो. आजचं ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज घेतात ती 12 व्होल्टवरून. तक्त्यात 12 व्होल्टखाली 20 अँपिअर लिहिले असतील, तर हिशोब 12 गुणिले 20, म्हणजे 240 वॉट. उरलेले वॉट 5 आणि 3.3 व्होल्टच्या वाट्याचे. कार्डाच्या ते कामाचे नाहीत. 12 व्होल्टचे दोन रकाने असले, तर त्यांची बेरीजही करू नये. खाली दोन्हींची मिळून कमाल मर्यादा दिलेली असते, ती खरी.

पेंटियम थ्रीच्या काळात प्रोसेसरचा भार मुख्यतः 5 व्होल्टवर असायचा. 2000 साली पेंटियम फोर आला आणि त्याच्यासाठी एसएमपीएसला 12 व्होल्टची वेगळी चार पिनांची वायर द्यावी लागली. तेव्हापासून भार 12 व्होल्टकडे सरकत गेला. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसच्या तक्त्यात मात्र 12 व्होल्टचा वाटा अजूनही तोकडा दिसतो.

गैरसमज : कंपनी 550 वॉट सांगते, म्हणून 450 वॉटचा एसएमपीएस चालणारच नाही.

वस्तुस्थिती : आरटीएक्स 4060 साठी एनव्हिडिया 550 वॉटचा एसएमपीएस सुचवते. प्रत्यक्षात कार्डाचा खप 115 वॉट. सोबतचा कोअर आय फाइव्ह 12400 एफ जास्तीत जास्त 117 वॉट घेतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे साठेक वॉट धरले तरी बेरीज 300 च्या आत राहते. चांगल्या बनावटीचा 450 वॉटचा एसएमपीएस हे आरामात पेलतो. ग्राहकाकडे कोणता प्रोसेसर आहे आणि कसला एसएमपीएस आहे, हे कंपनीला ठाऊक नसतं. म्हणून ती हात राखून आकडा सांगते.

पण तोच न्याय सगळीकडे लावता येत नाही. 200 वॉटचं आरटीएक्स 4070 आणि 253 वॉटपर्यंत जाणारा आय नाइन 13900 के एकत्र आले, की बेरीज 500 च्या पुढे जाते. तिथे कंपनी सुचवते तो 650 वॉटचा आकडा फुगवलेला म्हणता येणार नाही.

शिवाय कार्डाचा खप एका जागी स्थिर नसतो. आरटीएक्स 3080 कागदावर 320 वॉटचं. पण क्षणाच्या अगदी बारीक अंशासाठी ते याहून कितीतरी जास्त वीज ओढतं आणि सरासरी बेरीज पुरेशी असूनही काही एसएमपीएस ट्रिप होतात. म्हणूनच फेब्रुवारी 2022 मध्ये आलेल्या एटीएक्स 3.0 मानकाने मोठ्या एसएमपीएससाठी क्षमतेच्या दुप्पट भार 100 मायक्रोसेकंद सोसण्याची अट घातली. जुन्या एसएमपीएसवर भारी कार्ड लावायचं, तर बेरजेवर निदान तिसरा हिस्सा मोकळा ठेवावा.

गैरसमज : पिन कमी पडली तर कन्व्हर्टर लावला की झालं.

वस्तुस्थिती : मदरबोर्डाचा स्लॉट 75 वॉट देतो, सहा पिनांची वायर 75 आणि आठ पिनांची 150. साटाची वायर 12 व्होल्टवर जेमतेम 54 वॉटची. तिला कन्व्हर्टर लावून आठ पिनांचं कार्ड जोडलं, तर जळण्याचा धोका वायरीलाच. ही हद्द कंपन्यांनाही सोडत नाही. 2016 साली एएमडीचं आरएक्स 480 स्लॉटमधून 75 वॉटपेक्षा जास्त वीज घेतं, हे चाचण्यांत उघड झालं आणि जुलैमध्ये कंपनीला नवा ड्रायव्हर काढावा लागला. 2022 मध्ये आरटीएक्स 4090 चे कनेक्टर वितळले. प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक कारण असल्याचं एनव्हिडियाने सांगितलं.

एसएमपीएसला जादा वायरच नसेल, तर 70 वॉटचं 6 जीबी आरटीएक्स 3050 पाहावं. ते फक्त स्लॉटवर चालतं.

गैरसमज : 80 प्लस गोल्ड म्हणजे डोळे झाकून घ्यावा.

वस्तुस्थिती : 80 प्लसचा शिक्का सांगतो तो भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती सत्कारणी लागते आणि किती उष्णतेत वाया जाते, एवढंच. ती चाचणी 23 अंश सेल्सिअसला होते. मे महिन्यातल्या पनवेलच्या खोलीत, बंद कॅबिनेटमध्ये, तेवढा गारवा कुठला? संरक्षण व्यवस्थेबद्दलही शिक्का काही सांगत नाही. गिगाबाइटचे पी 750 जीएम आणि पी 850 जीएम गोल्डच होते. 2021 मध्ये ते फुटत असल्याचा बोभाटा झाल्यावर कंपनीने जादा भाराला बंद पडण्याची मर्यादा 120 ते 150 टक्क्यांवरून 110 ते 120 टक्क्यांवर आणली आणि ते बदलून देण्याची तयारी दाखवली.

गैरसमज : मोठा एसएमपीएस म्हणजे मोठं वीजबिल.

वस्तुस्थिती : एसएमपीएस मागणीपुरतीच वीज घेतो. संगणकाला 300 वॉट लागत असतील आणि कार्यक्षमता 85 टक्के असेल, तर महावितरणच्या मीटरवर सुमारे 353 वॉट पडतील. मग डबा 550 चा असो की 850 चा.

गैरसमज : संगणक सुरू झाला, डेस्कटॉप दिसला, म्हणजे एसएमपीएस पुरतो.

वस्तुस्थिती : डेस्कटॉपवर कार्ड जवळजवळ झोपलेलं असतं. खरी परीक्षा जड गेम अर्धा तास चालवल्यावर. निळी पाटी न येता संगणक एकदम बंद पडला किंवा रीस्टार्ट झाला, तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्यावा. भार असताना 12 व्होल्टची वायर 11.4 ते 12.6 च्या दरम्यान राहायला हवी. मोजमाप जाणकाराकडून मल्टीमीटरने करून घ्यावं. एसएमपीएस स्वतः उघडू नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो.

याच बेरजेत यूपीएसही धरावा लागतो. 12 ऑक्टोबर 2020 च्या सोमवारी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली होती. पावसाळ्यात तर छोटे खंड ठरलेलेच. घरोघरी दिसणारा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉटच पेलतो. वरच्या हिशोबातले 353 वॉट आणि मॉनिटरचे तीसेक मिळवले, की ती मर्यादा ओलांडली जाते आणि वीज गेल्याक्षणी यूपीएसही बंद पडतो. तेव्हा कार्ड बदलताना यूपीएसच्या मागचा वॉटचा आकडाही पाहावा. व्हीएचा आकडा मोठा दिसतो, पण बेरीज जुळवायची ती वॉटशी.