आंबा काढणी: हार्नेस घातला, पण दोरी कुठे बांधली?

झाडावर चढणाऱ्या गड्याला नुसता कमरपट्टा देऊ नका. पडला तर सगळा झटका कमरेला, मणक्याला बसतो. फुल बॉडी हार्नेसमध्ये तो मांड्या, छाती, खांद्यांवर वाटला जातो.

१) आधी पट्टे, शिवण, बकल तपासा.
२) दोरी पाठीवरच्या कडीला लावा. दुसरं टोक डोक्याच्या वर, खोडाजवळ, जाड जिवंत फांदीला बांधा. खोडकिड्याने पोखरलेली फांदी नको. दोरीला ढील नको.
३) खाली एक माणूस हवाच. लटकलेल्याला लगेच उतरवा, पायात रक्त अडकून जीव जाऊ शकतो.
४) झटका बसलेला हार्नेस पुन्हा वापरू नका.

पेटी भरायची घाई असतेच, पण गडी सुखरूप खाली आला पाहिजे.